हिरडीच्या रंगाची किल्ली

बाबा विसरायला लागलेत, हे आधी दादाच्या लक्षात आलं. तेही विमानाने जावं लागेल एवढ्या अंतरावर बसून. मी त्यांच्याबरोबर दिवसाचे आठ-नऊ तास एकाच खोलीत, एकाच मेजाशी काम करते, पण मला म्हणे जवळून दिसत नाही. दादाचं हे असंच. लहानपणी भांडी घासायची पाळी आली की त्याला नेमका लांबूनच अभ्यास दिसायचा.

तर दादाने फोनवरून फर्मान काढलं, की बाबा काय काय विसरतात ते कागदावर लिहून ठेव, डॉक्टरांना दाखवायला उपयोगी पडेल. आधी मी त्याला उडवून लावलं. मग एक दिवस बाहेरून आले तर स्वयंपाकघरात शिट्टीची किटली जीव तोडून कोकलत होती आणि बाबा शेजारच्याच खोलीत आरामात वर्तमानपत्र वाचत बसले होते. मी धावत जाऊन गॅस बंद केला. किटलीच्या तळाशी चमचाभर पाणी उरलं होतं. बाबांना विचारलं तर म्हणाले, अगं हो, चहा ठेवला होता नाही का. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि सकाळी उठून मी यादीला सुरुवात केली.

महिन्याभरात यादी नऊ कलमांची झाली. दाराची बेल वाजली तरी उठले नाहीत, नंतर म्हणाले कोणी आलंच नव्हतं. एका डॉक्टरांनी फोनवर दातांची छटा बदलायला सांगितली, यांनी जुन्याच छटेचे दात बसवले. नात्यातल्या एका लग्नात कोणी तब्येत विचारली, तर यांनी मुलाकडची माणसं कशी भली आहेत ते सांगितलं. आणि मी सांगितलेल्या गोष्टी तर किती, त्यांचीच पाच कलमं होती.

एव्हाना लक्षात आलं असेल, आम्ही दात बनवतो. दातांचे डॉक्टर माणसाच्या तोंडाचं माप घेऊन आमच्याकडे पाठवतात, आणि आम्ही त्या मापावरून कवळ्या करून परत धाडतो. घराच्या पुढच्या खोलीत आमची लॅब आहे. खिडकीखाली लांब मेज, त्यावर डावीकडे बाबांची दात घासून घडवायची मशीन, उजवीकडे माझी. बाबांचं वय चौऱ्याहत्तर आहे आणि त्यातली पन्नास वर्षं त्यांनी त्या मेजाशी काढली आहेत. मला हे काम त्यांनीच शिकवलं. लॅब नावापुरती माझ्या हातात आल्यापासून ते मला 'साहेब' म्हणतात. त्यात थोडी थट्टा असते आणि थोडा मान असतो, प्रमाण दिवसागणिक बदलतं.

दादाचं म्हणणं अगदी सरळ होतं. डॉक्टर म्हणाले की स्मरणशक्ती चाललीय, तर लॅब बंद करायची आणि बाबांनी त्याच्याकडे राहायला जायचं. तिथे बाल्कनी आहे, बाग आहे, सोबतीला माणूस ठेवता येईल. मला काय, कुठल्याही लॅबमध्ये काम मिळेल. त्याचं चुकत नव्हतं, हेच मला जास्त लागत होतं. बाबांना त्या मेजावरून उठवून बाल्कनीत बसवायचं म्हणजे त्यांच्यातलं बाबापण काढून घेऊन उरलेलं खुर्चीत ठेवायचं, असं मला वाटत होतं. पण किटली डोळ्यांसमोरून हलत नव्हती. शेवटी स्मृतीच्या डॉक्टरांची वेळ घेतली. दीड महिन्याने मिळाली, सकाळी अकराची. बाबांना मी एवढंच सांगितलं, की या वयात सगळी तपासणी करून घेतात, तशीच एक आहे.

त्या सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, बॅग मांडीवर घेऊन गाडीत माझ्या शेजारी बसले. दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. माझ्या पर्समध्ये यादी होती. मी किल्ली लावली.

किल्लीचं सांगायला हवं. गाडी आम्ही जुनी घेतली तेव्हा तिच्याबरोबर एकच किल्ली मिळाली, आणि मागच्या आठवड्यात त्या किल्लीचं प्लास्टिकचं डोकं फुटून दोन तुकडे झाले. नुसतं पातं हातात धरून गाडी चालू करणं म्हणजे चिमट्याने कुलूप उघडण्यातला प्रकार. बाबा म्हणाले, दे इकडे. आणि ज्या गुलाबी अॅक्रिलिकमधून आम्ही कवळीची हिरडी घडवतो, त्यातूनच त्यांनी किल्लीला नवं डोकं करून दिलं. कडा गोल केल्या, आरशासारखं पॉलिश केलं, अंगठा टेकायला एक खळगा ठेवला. अशी किल्ली जगात दुसरी नसेल. आदल्या संध्याकाळी त्यांनी ती माझ्या हातात ठेवली तेव्हा मी सगळं विसरून हसले होते.

मी किल्ली फिरवली. इंजिन एकदा गुरगुरलं, सुरू झालं आणि दोन सेकंदांत त्याने मान टाकली. समोर काट्यांच्या तबकडीत लाल दिवा लुकलुकायला लागला. मी पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी अलार्म पेटला.

हा अलार्म म्हणजे आधीच्या मालकाची कृपा. त्याने कुठून तरी आणून तो बसवला होता, आणि वर्षभर तो आमच्याशी वैर धरून होता. मांजर टपावर बसलं तरी बोंबलायचा. पण मोठ्या भोंग्यासारखा त्याचा आवाज नव्हता. बाबांच्या गुडघ्यांसमोर, डॅशबोर्डच्या आत त्याचं तोंड होतं आणि तिथून बारीक, टोकदार, दातात सुई घालावी तसा टीं टीं टीं असा आवाज यायचा. तो न थांबता येत राहिला. मी किल्ली काढली, दार उघडलं, लावलं, स्टिअरिंगवर बुक्की मारली. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकी धाडकन लावून घेतली, मग पुन्हा उघडून खाली वाकून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच ते तोंडाने वाजवतेय.

बाबा शांत बसले होते. नुसते शांत नाही, त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला आणि समोरच्या भिंतीवरून मुंग्यांची रांग चालली होती ती बघायला लागले. त्यांच्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर ते यंत्र किंचाळत होतं. किटलीच्या दिवशी मी त्यांना असंच पाहिलं होतं. माणूस समोर बसलेला, पण आत कोणी नसल्यासारखा. मला कळलं की हे दहावं कलम आहे, आणि ते मला कधीच लिहायचं नव्हतं.

मी इलेक्ट्रिशियनला फोन केला. गाड्यांचं वायरिंग करणारा हा माणूस आमच्या गल्लीच्या तोंडाशीच बसतो. अंगाने आडवा, आवाज खर्जातला, पुढचा एक दात पडलेला. तो दात बसवून घे, म्हणून मी त्याच्या मागे दोन वर्षं लागले आहे आणि अलार्म काढून टाका, म्हणून तो माझ्या मागे. टॅक्सी करून निघून जावं हे मला सुचलं नाही असं नाही. पण किंचाळणारी गाडी वरच्या बाईंच्या हवाली करून जायची माझी हिंमत नव्हती, आणि शिवाय आता माझं डोकं फिरलं होतं. डोकं फिरलं की मला शहाणपणाचं काही पटत नाही.

दहा मिनिटांत तो पेटी घेऊन आला. काही उघडण्याआधी त्याने किल्ली मागितली. गुलाबी डोकं पाहिलं, उलटसुलट केलं, उन्हात धरलं.

"ताई, यातली चिप कुठाय?" त्याने विचारलं.

मग त्याने सांगितलं, आणि त्याच्याकडूनच मी ते आठवड्यापूर्वी फोनवर ऐकलंही होतं. किल्लीच्या डोक्यात एक बारकी चिप असते. गाडी त्या चिपला ओळखते. चिप नसेल तर गाडीला वाटतं चोर आलाय, मग ती इंजिन बंद पाडते आणि अलार्म बोंबलतो. अलार्म बिघडला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच तो नेमून दिलेलं काम करत होता.

आणि मी बाबांना हे सांगितलं होतं. स्पष्ट आठवत होतं मला. ते किल्लीची कड घासत होते, मी मागून जाता जाता म्हणाले होते, आत चिप आहे, ती नव्या डोक्यात घालायला विसरू नका. तळपायाची आग मस्तकात गेली. मी वळले आणि परक्या माणसासमोर बाबांवर तुटून पडले.

"एवढं एकच सांगितलं होतं, बाबा. चिप आत घाला."

"मला?" बाबा म्हणाले. "केव्हा?"

"तुम्हाला काहीही सांगा, तुमच्या लक्षात राहत नाही. म्हणूनच चाललोय डॉक्टरकडे. तपासणी नाहीये ती, तुमच्या डोक्याची परीक्षा आहे. बास झालं आता. आजपासून त्या मेजाला हात लावायचा नाही."

बोलले आणि तोंडातले शब्द परत घ्यावेत असं वाटलं. बाबांनी आपले हात पाहिले, आधी वरून मग तळवे, आणि बॅगेवर ठेवले. इलेक्ट्रिशियन बिचारा पेटीत काहीतरी शोधायला लागला. टीं टीं चालूच होतं.

मग तो बाबांच्या बाजूचं दार उघडून खाली वाकला, डॅशबोर्डखाली हात घालायला. त्या आवाजाजवळ कान गेला तसा त्याने चेहरा वेडावाकडा केला आणि वर बघून म्हणाला, "काका, कमाल आहे तुमची. माझे कान फाटायला आले आणि तुम्ही बसलाय निवांत."

"कशाने?" बाबांनी विचारलं.

"या आवाजाने."

"कुठल्या आवाजाने?"

इलेक्ट्रिशियन हसला. त्याला वाटलं काका थट्टा करतायत. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. लोक हसले की आपण हसावं की नाही हे ठरवणाऱ्या माणसाचा चेहरा असतो, तसा तो चेहरा होता. अलीकडे मी तो कितीदा पाहिला होता, आणि प्रत्येक वेळी त्याचा एकच अर्थ लावला होता.

मी गाडीला वळसा घालून त्यांच्यासमोर जाऊन उकिडवी बसले. म्हणाले, बाबा, डोळे मिटा, आणि काही वाजलं की हात वर करा. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. डोळे मिटले. मी इलेक्ट्रिशियनला खूण केली. त्याने एक वायर उपसली, आवाज थांबला. त्याने वायर टोचली, टीं टीं सुरू झालं. बाबांचा हात बॅगेवर होता तिथेच राहिला. वायर उपसली. टोचली. हात हलला नाही. मग मी त्यांच्या अंगावरून पलीकडे वाकून हॉर्न दाबला, आणि त्यांचा हात शाळेतल्या मुलासारखा वर गेला.

"हॉर्न," बाबा डोळे मिटूनच म्हणाले. "बरोबर?"

वरच्या बाईंनी खिडकीतून काहीतरी सुनावलं. मला त्यांना वर जाऊन मिठी मारावीशी वाटत होती.

मी पर्समधून यादी काढली आणि तिथेच दारात बसून वाचली. किटलीची शिट्टी बारीक आवाजाची. दाराची बेल, तीही किणकिणणारी. छटा बदलायला सांगणाऱ्या डॉक्टर बाई आहेत, नाजूक आवाजाच्या, आणि ते सांगणं फोनवर झालं होतं. लग्नात बँड वाजत होता. आणि माझी पाच कलमं. मी कधी सांगितलं होतं ते सगळं? मागून. जाता जाता. दुसऱ्या खोलीतून. बाबांची मशीन चालू असताना, माझी मशीन चालू असताना. पन्नास वर्षं ते मशीनवर मान वाकवून, तिची गरगरणारी सुई कानाजवळ धरून बसले होते. तिने त्यांच्या कानातले सगळे बारीक आवाज एकेक करून घासून टाकले होते. विसरायला आधी ऐकू यावं लागतं. त्यांच्यापर्यंत काही पोहोचलंच नव्हतं.

माझा जीव भांड्यात पडला. इतका मोठा आवाज करून पडला असेल, की तो बाबांनाही ऐकू गेला असता. मी रडत होते आणि हसत होते, आणि इलेक्ट्रिशियन विचारत होता की ताई, वायर काढूनच ठेवू का.

बाबांना मी समोर बसून, सावकाश, एकेक शब्द करून सांगितलं. बेल, किटली, लग्न. ते ऐकत राहिले. माझ्या ओठांकडे बघत होते, आणि मला आता कळत होतं की ते कधीपासून तिथेच बघत आले आहेत.

"म्हणजे डोकं ठीक आहे?" बाबांनी विचारलं.

"ठीक असावं. कान गेलेत."

मग बाबा म्हणाले, "सगळे म्हणायचे, सांगितलं होतं. तूही म्हणायचीस. मला तर काही आठवायचं नाही. मी रात्री पडल्या पडल्या पेशंटांच्या ट्रेंचे नंबर आठवून बघायचो, कुठपर्यंत येतात ते. ते यायचे सगळे. मग वाटायचं, हे राहिलंय आणि बाकीचं चाललंय."

हे ते एकट्याने सोसत होते आणि मी त्याच भिंतीपलीकडे बसून यादी करत होते. त्यांचा हात धरून मी नुसती बसले.

तेवढ्यात बाबाच म्हणाले, "आणि तो काळा तुकडा हवा होता होय तुम्हाला? तो आहे की. सव्वीस नंबरच्या ट्रेमध्ये."

आमच्या लॅबचा एक नियम आहे, बाबांना त्यांच्या गुरूने घालून दिलेला. प्रत्येक कामाला एक ट्रे, ट्रेला नंबर आणि एक चिठ्ठी. काम करताना जे काही पडेल, मेणाचा कपचा, मोडका दात, तारेचा तुकडा, ते सगळं त्याच ट्रेमध्ये ठेवायचं. कवळी तोंडात बसून माणूस आठ दिवस नीट जेवला, असा निरोप आल्याशिवाय ट्रे रिकामा करायचा नाही. मी या नियमाला वैतागते. फळीवर नेहमी पंचवीस-तीस ट्रे कचरा घेऊन बसलेले असतात. पण किल्ली हे बाबांच्या लेखी कामच होतं, त्यामुळे तिलाही रीतसर ट्रे मिळाला होता.

मी धावत आत गेले. सव्वीस नंबरमध्ये जुन्या डोक्याचे दोन तुकडे होते, आणि कोपऱ्यात लहान मुलाच्या दुधाच्या दाताएवढी काळी चिप होती. सोबत बाबांच्या बारीक, सरळ अक्षरातली चिठ्ठी होती.

'पेशंट: गाडी. काम: किल्लीचं डोकं. रंग: हिरडी, मध्यम. आत सापडलं: काळा तुकडा, एक. पाहिजे का, विचारलं. साहेब फोनवर होते. हाताने नको म्हणाले. तरी ठेवला.'

खाली आदल्या दिवसाची तारीख आणि वेळ. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं.

चार वाजून दहा मिनिटांनी मी दादाशी बोलत होते. बाबा दारात आले होते, चिमट्यात काहीतरी धरून. मी त्यांच्याकडे नीट पाहिलंही नाही, नुसता हात हलवला, आत्ता नको, असा. आणि दादाला सांगत राहिले की बाबांना काही सांगून उपयोग नाही रे, त्यांचं लक्षच नसतं.

चिठ्ठी हातात घेऊन मी फळीसमोर उभी राहिले. लाज वाटली, ती अशी तशी नाही, कान गरम होईपर्यंत. पण त्या लाजेखाली पुन्हा तेच सुख होतं. वेळेसकट लिहून ठेवणारा माणूस आहे हा. नंबर न बघता ट्रे सांगणारा. माझे बाबा होते तिथेच आहेत, पूर्णच्या पूर्ण.

चिप बसवायला वेळ नव्हता. बाबांनी बॅगेतून मेणाची कांडी काढली. हा माणूस डॉक्टरकडे जातानाही मेण घेऊन जातो. इलेक्ट्रिशियनच्या लायटरवर त्यांनी ते मऊ केलं, चिप किल्लीच्या गुलाबी डोक्याला चिकटवली आणि अंगठ्याने दाबून गुळगुळीत केली. मी किल्ली फिरवली. लाल दिवा विझला, इंजिन लागलं आणि चालूच राहिलं. इलेक्ट्रिशियनने उपसलेली वायर जागच्या जागी टोचून पाहिली. गप्प. वरच्या बाईंनी खिडकीतून हात जोडले.

इलेक्ट्रिशियन पेटी आवरून निघाला तेव्हा बाबांनी त्याला थांबवलं, हनुवटीला दोन बोटं लावून त्याचं तोंड उन्हाकडे वळवलं आणि पडलेल्या दाताची जागा पाहिली. उद्या दहाला या, म्हणाले. दोन वर्षं माझ्या तोंडाची वाफ दवडली, आणि बाबांना तो मुकाट्याने हो म्हणाला.

आम्ही वीस मिनिटं उशिरा पोहोचलो. आत गेल्या गेल्या मी डॉक्टरांना सांगितलं की समोर बसून, मोठ्याने आणि जाड आवाजात बोला. यादी दाखवली नाही. डॉक्टरांनी बाबांना तारीख विचारली, आकडे उलटे म्हणायला लावले, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. पाच शब्द देऊन मध्ये भलत्याच गप्पा मारल्या आणि मग ते शब्द परत विचारले. बाबांनी पाचही सांगितले आणि वर म्हणाले, की तुमच्या खालच्या दातांचा ब्रिज कोणी केलाय, चावताना उजवीकडे टोचत असणार. डॉक्टर हसले, मग जिभेने उजवीकडे चाचपलं, आणि कानाच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली.

संध्याकाळी दादाचा फोन आला. काय म्हणाले डॉक्टर, म्हणून त्याने धास्तावलेल्या आवाजात विचारलं. मी सांगितलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. तेव्हा मला कळलं की त्यालाही बाल्कनीचा विचार काही सुखाचा नव्हता. मी त्याच्यावरचा अर्धा राग सोडून दिला. उरलेला अर्धा भांड्यांसाठी राखून ठेवला आहे.

कानाचं यंत्र मिळायला तीन आठवडे गेले. ते कानात घट्ट बसावं म्हणून कानाचं माप घेतात, अगदी आम्ही तोंडाचं घेतो तसंच. माप घेणाऱ्या मुलीला बाबांनी मान तिरकी ठेवून दोनदा सांगितलं की मिश्रण जरा सैल झालंय. तिने तयार करून दिलेला साचा त्यांना पसंत पडला नाही. तिच्याच परवानगीने, तिच्याच मापावरून, त्यांनी तो आपल्या मेजावर पुन्हा केला, आपल्याच गुलाबी अॅक्रिलिकमध्ये. किल्लीच्या डोक्यालाही त्याच दिवशी आतून खाच पाडून चिप नीट बंद केली. आता आमच्या गाडीची किल्ली आणि बाबांचा कान एकाच रंगाचे आहेत.

यादी मी त्या दिवशी घरी आल्यावर फाडणार होते. पण नियम तो नियम. घडी करून सव्वीस नंबरच्या ट्रेमध्ये टाकली, चिठ्ठीशेजारी. यंत्र बसवल्यावर आठ दिवसांनी बाबांनी फळीवरून तो ट्रे उतरवला. काम पोहोचलं, म्हणाले, आता रिकामा करायला हरकत नाही. त्यांनी जुन्या डोक्याचे तुकडे टोपलीत टाकले, चिठ्ठी टाकली, आणि घडी केलेला कागद माझ्याकडे सरकवला.

मी उघडला. नऊ कलमं माझी होती. दहावं बाबांच्या अक्षरात होतं. 'साहेब मागून बोलतात, आणि हाताने नको म्हणतात. सवय जुनी आहे. समोर येऊन बोलायला शिकवणे.'

म्हणजे त्यांनी ती केव्हाच वाचली होती. मी वर पाहिलं तर ते पाठमोरे होऊन आपल्या मशीनवर बसलेही होते, इलेक्ट्रिशियनच्या दाताला पुन्हा एकदा छटा जुळवत. मी यादी टोपलीत टाकली आणि चहा ठेवायला आत निघाले. दारापर्यंत गेले, आणि राहवलं नाही. वळले नाही, आवाज चढवला नाही. नेहमीसारखं, जाता जाता, भिंतीला सांगावं तसं विचारलं, की बाबा, चहा घेणार?

मशीन थांबली.

"अर्धा कप," बाबा म्हणाले. "आणि या वेळी किटलीकडे मी बघतो."